नवरा नशेत, घर एकच
गोव्यात, कोरगावातल्या बाईला नशेखोर नवऱ्यापासून घटस्फोट हवा असेल, तर हिंदू विवाह कायदा नव्हे, १९१० चा पोर्तुगीज घटस्फोट कायदा लागू होतो. त्यात जुगाराचं जुनाट व्यसन हे कारण आहे, अमली पदार्थांचं नाही. म्हणजे मारहाण किंवा गंभीर अपमान सिद्ध करायचा. पोलीस तक्रारीची प्रत, डॉक्टरचा कागद जपायचा.

घर सोडायची घाई नको. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली, घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी, तिथे राहण्याचा हक्क ती मागू शकते; न्यायाधीश नवऱ्यालाच बाहेर काढू शकतात. जीवाला धोका असेल तर मात्र आधी निघावं, ११२ किंवा १८१ लावावा. निघाल्याने हक्क बुडत नाही. आणि लग्नाआधी वेगळा करार नसेल, तर तिच्या सहीशिवाय नवऱ्याला स्वतःचं घर विकता येत नाही.