लिनक्स कर्नल मेमरी कशी मोकळी करतो?

पान : मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा. बहुतेक पीसींवर ४ केबी. १ जीबीत २,६२,१४४ पानं.

पानांचे दोन मुख्य प्रकार
• फाइलची पानं : डिस्कवरच्या मजकुराची प्रत. बदल झाला नसेल तर थेट टाकून देता येते. झाला असेल तर आधी डिस्कवर लिहावी लागते.
• निनावी पानं : प्रोग्रॅमचा चालू डेटा. मागे फाइल नसते. स्वॅपमध्ये (सहसा डिस्कवर राखून ठेवलेली जागा) ठेवूनच जागा मोकळी होते.

कोणतं पान निघतं?
• पानं ‘सक्रिय’ आणि ‘निष्क्रिय’ याद्यांत असतात. निष्क्रिय यादीच्या शेवटाकडून तपासणी होते. नुकतंच वापरलेलं पान सहसा वाचतं.
• आवृत्ती २.६.२८ (२००८) : फाइल व निनावी पानांच्या याद्या वेगळ्या.
• आवृत्ती ६.१ (डिसेंबर २०२२) : दोन याद्यांऐवजी वयानुसार अनेक ‘पिढ्यां’ची पद्धत पर्याय म्हणून दाखल.

केव्हा?
• मोकळी मेमरी कर्नलने ठरवलेल्या ‘खालच्या’ खुणेखाली गेली की ‘केस्वॅपडी’ हा कर्नलचा थ्रेड जागा होतो आणि पार्श्वभूमीवर ‘वरची’ खूण गाठेपर्यंत काम करतो.
• त्याहून खालच्या पातळीच्या ‘किमान’ खुणेलाही धक्का लागला, तर मेमरी मागणाऱ्या प्रोग्रॅमलाच थांबून पानं मोकळी करावी लागतात. संगणक अडखळल्यासारखा वाटतो.

स्वॅपिनेस : निनावी पानं काढण्याकडचा कल ठरवणारा आकडा. मूळ मूल्य ६०. आवृत्ती ५.८ (२०२०) पासून मर्यादा ० ते २००. त्याआधी कमाल १००.

अखेरचा उपाय : काहीच मोकळं होत नसेल, तर कर्नलचा ‘ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर’ एखादा प्रोग्रॅम बंद करतो. निवडीत मेमरीचा वापर सर्वांत महत्त्वाचा ठरतो.