दोन ओळींच्या मधलं गणित

जोसेफ पोल्चिन्स्की यांच्या ‘स्ट्रिंग थिअरी’ या पुस्तकाचे दोन खंड केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने १९९८ साली काढले. जगभर पीएच.डी.ची मुलं त्यावर घासतात. पहिल्या खंडाच्या पहिल्याच प्रकरणात विश्वाला २६ मिती लागतात असं निघतं. पुस्तकाला त्यासाठी थोडीच पानं पुरतात, कारण दोन ओळींमधलं गणित वाचकाने करायचं असतं. मी ते खर्डीत बसून करतो.

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. सकाळी कसाऱ्याहून सुटलेली लोकल उंबरमाळीनंतर खर्डीला येते, त्यामुळे बसायला जागा मिळते आणि कल्याणपर्यंत वाचन होतं. गाडीत फक्त वाचायचं. आकडेमोडीला टेबल लागतं, रफ वही लागते आणि रात्रीची शांतता लागते. पावसाळ्यात लाइट गेली की बॅटरीच्या उजेडात तीच ओळ पुढे चालू ठेवायची.

सुरुवात ओळखीची आहे. बिंदूसारखा कण स्थळकाळात रेषा काढतो, तर स्ट्रिंग म्हणजे तंतू पृष्ठभाग काढतो. त्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ किमान ठेवायचं, एवढीच अट. तिच्या सूत्रात वर्गमूळ येतं आणि त्याच्यासह पुढे काहीच सरकत नाही. म्हणून पृष्ठभागावर एक जादा मेट्रिक धरून वर्गमूळ काढून टाकतात. दोन्ही रूपं एकच आहेत हे दाखवणं हा पहिला खरा व्यायाम. तो केल्यावर हातात उरतं ते बी.एस्सी.ला ताणलेल्या तारेसाठी शिकलेलं तरंग-समीकरण. तारेचा प्रत्येक स्वर म्हणजे एक दोलक. पुंज यांत्रिकीत प्रत्येक दोलकाला किमान अर्धा क्वांटम ऊर्जा असतेच. स्वर अनंत आहेत, म्हणून बेरीज करावी लागते १ + २ + ३ + ४ अशी, अखेर नसलेली.

इथे बहुतेक जण थबकतात. या बेरजेची किंमत उणे एक-बारांश आहे असं म्हटलं की जादूटोणा वाटतो. तो जादूटोणा नाही, आणि हे दुसऱ्याच्या शब्दावर मान्य करण्याची गरजही नाही. प्रत्येक पदाला घटत जाणारा एक घातांकी गुणक लावा, म्हणजे फार वरचे स्वर आपोआप दबतात. आता ती भूमिती श्रेणीची भावंड होते आणि शाळेतल्या सूत्राने तिची बेरीज निघते. उत्तर उलगडून पाहिलं की दोन तुकडे वेगळे होतात. एक भाग गुणक काढून घेताना अनंताकडे जातो, दुसरा जागचा हलत नाही आणि तो असतो उणे एक-बारांश. अनंताकडे जाणारा तुकडा तंतूच्या लांबीच्या प्रमाणात वाढतो. सिद्धान्ताची सममिती टिकवायची तर तो वजा करावाच लागतो. माझ्या मते पहिल्या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. जे उरतं ते भौतिक आहे.

पुढचं झपाट्याने होतं. एकूण मिती डी धरल्या तर तंतू त्यातल्या डी वजा दोन दिशांना मोकळेपणाने कंप पावतो. तळच्या ऊर्जेत प्रत्येक दिशेचा वाटा उणे एक-चोविसांश. पहिल्या उत्तेजित अवस्थेला डी वजा दोनच ध्रुवणं मिळतात. वस्तुमान असलेल्या अशा कणाला डी वजा एक लागली असती, म्हणजे हा कण प्रकाशासारखा बिनवस्तुमानाचा असला पाहिजे. त्यासाठी डी वजा दोनची किंमत २४ यावी लागते. मिती २६.

माझा विश्वास मात्र इथे बसला नाही, तो पुढच्या पायरीवर बसला. दुसऱ्या पातळीवरच्या अवस्था हाताने मोजा. एकच दोलक दुसऱ्या स्वरात हलवला तर २४ अवस्था. पहिल्या स्वरातले दोन हलवले तर चोवीस गुणिले पंचवीस भागिले दोन, म्हणजे ३००. एकूण ३२४. आता या पातळीला वस्तुमान आहे, म्हणून तिने २५ स्थल-दिशांच्या सममितीत चपखल बसायला हवं. पंचवीस गुणिले सव्वीस भागिले दोन ३२५, त्यातून एक वजा. ३२४. दोन अगदी वेगळ्या वाटांनी तोच आकडा येतो तेव्हा पुस्तकाचं प्रशस्तिपत्र लागत नाही. तिसऱ्या पातळीवर ३२०० येतात, तेही काढून पाहावं.

ही मोजणी सरावापुरती नाही. कृष्णविवराच्या एन्ट्रॉपीमागे किती सूक्ष्म अवस्था दडलेल्या असतात, या प्रश्नावर मूळचे कोल्हापूरचे अतीश दाभोलकर यांनी २००४ साली जो निकाल मांडला, त्यात २४ दोलकांची हीच मोजणी येते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी अनेक वर्षं काम केलं. २०१९ पासून ते इटलीतल्या त्रिएस्तेच्या आंतरराष्ट्रीय सैद्धान्तिक भौतिकी केंद्राचे संचालक आहेत. त्यांचा शोधनिबंध खर्डीत मोबाइलवर फुकट उघडतो. पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ साली शोधनिबंधांचं जे खुलं भांडार सुरू केलं, त्यात पहिला विभागच या विषयाचा होता.

त्रिएस्तेचं ते केंद्र १९६४ साली अब्दुस सलाम यांनी उभारलं. केंब्रिजहून १९५१ साली लाहोरला परतल्यावर त्यांच्याशी त्यांच्या विषयात बोलायला कुणी नव्हतं. तसं एकटेपण गरीब देशांतल्या इतरांच्या वाट्याला येऊ नये, हा केंद्रामागचा हेतू. दाभोलकरांचे वडील श्रीपाद दाभोलकर यांनीही ‘प्रयोग परिवार’ उभा केला तो याच जातीचा. शेतकरी आपल्याच बागेत प्रयोग करायचा आणि निष्कर्ष दुसऱ्या शेतकऱ्याला सांगायचा.

मला खर्डीत टंचाई जाणवते ती नेमकी याची. पुस्तक मिळतं, पण त्याला उलट प्रश्न विचारता येत नाही. दुसऱ्या प्रकरणात कॉन्फॉर्मल फील्ड थिअरी सुरू होते आणि चढण एकदम उभी होते. एखादं चिन्ह उलटं आलं तर फळ्यावर पाच मिनिटांत सुटणारी अडचण एकट्याला आठवडाभर अडवते. डेव्हिड टाँग यांची केंब्रिजमधली व्याख्यानं आणि मॅथ्यू हेड्रिक यांनी सोडवलेली पोल्चिन्स्कींची उदाहरणं, दोन्ही फुकट आहेत आणि दोन्हींचा खूप आधार होतो. तरी समोर माणूस असणं ते वेगळंच.

बी.एस्सी. झालेल्यांनी थेट पोल्चिन्स्कींपाशी जाऊ नये. बार्टन झ्वीबाख यांचं ‘अ फर्स्ट कोर्स इन स्ट्रिंग थिअरी’ आधी करावं. एमआयटीत पदवीच्या मुलांना शिकवताना तयार झालेलं ते पुस्तक मधल्या पायऱ्या गाळत नाही. शहापूर आणि मुरबाडच्या महाविद्यालयांनी त्याची एक तरी प्रत ग्रंथालयात ठेवावी आणि आठवड्यातून एक संध्याकाळ एका वर्गाचा फळा मोकळा ठेवावा. आसनगाव ते कसारा या पट्ट्यात कुणी एम.एस्सी. करत असेल, किंवा करून घरी बसलं असेल, तर त्यांनी आपली वही घेऊन यावं. मी खर्डीहून येईन.