तीन लिप्या, एक ठोकळा

हैदराबादेत काचीगुडा स्थानकावर उतरलात की फलकावर एकच नाव तेलुगू, उर्दू, देवनागरी आणि रोमन अक्षरांत समोर येते. शहरात 1922 साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, छत्ता बाजारात लग्नपत्रिका छापणाऱ्यांच्या सोबतीने उर्दू कातिबांची, म्हणजे हस्तलेखनकारांची, परंपरा नांदली, आणि 2017 पासून उर्दू ही तेलंगणाची दुसरी राजभाषा आहे. आयसोमेट्रिक अक्षरचित्रांचा विचार करायला याहून योग्य गाव मला सुचत नाही. अशा चित्रात ठोकळ्याच्या तीन बाजू एकदम दिसतात, आणि वळणाने एकमेकींहून अगदी वेगळ्या अशा तीन लिप्या इथे रोजच्या वापरात आहेत.

ही रेखनपद्धत केंब्रिजच्या विल्यम फॅरिश यांनी 1822 साली शास्त्रशुद्ध मांडली. व्याख्यानासाठी जोडलेली यंत्रांची प्रतिरूपे सुटी केल्यावर मदतनिसांना पुन्हा नीट जोडता यावीत, ही त्यांची गरज. इथे दूर जाणाऱ्या रेषा एका बिंदूकडे धावत नाहीत, समांतरच राहतात. कागदावर तिन्ही अक्षांमध्ये 120 अंशांचा कोन असतो आणि तिन्ही दिशांना एकच माप चालते. अभियांत्रिकी पदविकेच्या मुलांनी ड्रॉइंग बोर्डवर हे गिरवलेले असतेच.

संगणकावर अक्षर या पद्धतीत बसवायचे तर तीन पायऱ्या. उंची 86.6 टक्क्यांवर आणायची, अक्षर 30 अंश कलते करायचे, मग 30 अंश फिरवायचे. ठोकळ्याच्या उजव्या भिंतीसाठी उजवीकडे कलवून घड्याळाच्या उलट फिरवा. डाव्या भिंतीसाठी दोन्ही उलट. 86.6 हा आकडा 30 अंशांच्या कोसाइनचा. आधी तेवढी उंची कमी केली की कलताना लांबलेला काना शेवटी मूळ मापाचा आणि सरळ उभा राहतो. क्रम बदलला तर सगळेच फसते. इलस्ट्रेटरच्या थ्रीडी इफेक्टमध्ये या बाजू तयार मिळतात, इंकस्केपमध्ये तिरकी जाळी मिळते. फोटोशॉपमध्ये मजकूर आधी स्मार्ट ऑब्जेक्ट करावा, म्हणजे नंतर शब्द बदलता येतो. त्याआधी ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडलेला हवा, नाहीतर जोडाक्षरे सुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते.

इथवरचे काम यंत्राचे. खरे काम यानंतर सुरू होते, आणि ते आज फार कमी जण करतात याचे मला वाईट वाटते.

‘हैदराबाद’ हा शब्द उजव्या भिंतीवर चढवून पाहा. काने उभेच राहतात, शिरोरेघ 30 अंशांनी चढत जाते. दोन्हींची जाडी सारख्याच प्रमाणात कमी होते, त्यामुळे सांगाडा टिकतो. बिघडतात त्या तिरक्या रेघा. एका कर्णाच्या दिशेने अक्षर सव्वापट ताणले जाते, दुसऱ्या दिशेने सुमारे सत्तर टक्क्यांवर आकसते. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ एका भिंतीवर सुजते, दुसरीवर तारेसारखी बारीक होते. ‘ह’चे वळण एकीकडे फुगते, दुसरीकडे चिमटते. तो आकार हाताने, बिंदू ओढून ओढून, परत बांधावा लागतो. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मोदक’ फाँट मला आवडतो, पण त्याच्या अक्षरांतल्या पोकळ्या मुळातच चिरेएवढ्या. तिरक्या भिंतीवर त्या बुजतात.

अक्षराला खोली देताना देवनागरीचे वैभव दिसते. शिरोरेघेचा माथा प्रकाशाची एक सलग पट्टी होतो, आणि ‘है’च्या दोन मात्रा जिथून वर निघतात तिथेच ती तुटते. माथा उजळ, दर्शनी बाजू मध्यम, कड गडद: तीन छटा पुरतात. कमल शेडगे (1935–2020) यांनी नाटकांची नावे रेखाटताना अक्षराचा स्वभाव हातांनी शोधला. तीच नजर इथे लागते.

तेलुगूला शिरोरेघ नाही. तिची ओळख गोलाईत आहे, आणि आयसोमेट्रिकमध्ये वर्तुळाची लंबवर्तुळे होतात, लांबी-रुंदीचे प्रमाण 1.73 ला 1. तरी ही लिपी ठोकळ्याच्या माथ्यावर उत्तम निजते, कारण आडव्या झालेल्या वाटोळ्या अक्षरांचे भान सुटत नाही. फक्त डोक्यावरचा तलकट्टू थोडा मोठा काढावा. पुरुषोत कुमार गुत्तुला यांचा ‘रामभद्र’ हा ठसठशीत फाँट या कामाला चांगला आधार देतो.

उर्दूची नस्तालिक सगळ्यांत अवघड. तिचे शब्द मुळातच उजवीकडून डावीकडे उतरतात. उजव्या भिंतीवर तो उतार आणि भिंतीचा चढ एकत्र येऊन शब्द जवळजवळ 45 अंशांवर जातो आणि कोसळल्यासारखा वाटतो. डाव्या भिंतीवर मात्र रेषा उजवीकडे उतरत असतात. तिथे दोन्ही उतार एकमेकांना बरेचसे पुसून टाकतात आणि उर्दू शब्द जवळपास सपाट, आरामात वाचता येतो.

म्हणून माझी मांडणी पक्की आहे: डाव्या भिंतीवर उर्दू, उजवीवर देवनागरी, माथ्यावर तेलुगू. यात आणखी एक सोय आपोआप साधते. उर्दू उजवीकडून सुरू होते, देवनागरी डावीकडून. म्हणजे दोन्ही लिप्यांतले ‘हैदराबाद’ ठोकळ्याच्या समोरच्या एकाच उभ्या कडेपासून निघून दोन दिशांना जाते. त्या कडेशी दोन्हींच्या पहिल्या अक्षराला सारखीच मोकळी जागा सोडावी, आणि ती मोजपट्टीने न ठरवता डोळ्यांनी ठरवावी. शिरोरेघेचे टोक कडेला भिडल्यासारखे दिसते, उर्दू अक्षराचा बाक तसा दिसत नाही.