भंडाऱ्यात प्लॉट घेताय? हप्त्याआधी कागद बघा

नागपूर जेमतेम ६० किलोमीटर, राष्ट्रीय महामार्ग ५३ जवळच, वरठीला रेल्वे स्टेशन. म्हणून कामधंदा नागपुरात अन् घर भंडाऱ्यात, असा विचार आपल्या बऱ्याच घरांत होतो. आम्हालाही तो पटतो. मोहल्ला, नातेवाईक सुटत नाहीत.

मात्र शहर वाढतंय ते शेतांवर. व्याज नको म्हणून आपल्यातले कित्येक जण बँकेचं कर्ज टाळून लेआउटवाल्यालाच थेट हप्ते देतात. त्यात गैर काही नाही. घोळ होतो तो साध्या स्टॅम्प पेपरवर, विश्वासाने दिलेल्या पैशात. सातबाऱ्यावर जमीन शेतीची असेल तर मंजूर नकाशा मागा. लेआउट मोठा असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक बघा. अशा प्रकल्पात नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं.

आणखी एक. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचं पाणी शहरातल्या वस्त्यांत शिरलं होतं. उन्हाळ्यात प्लॉट कोरडाच दिसणार. बाजूच्या घरी विचारा, तेव्हा पाणी कुठवर आलं होतं.