फक्त वाचणारी पेटी

टेबलावर एक लहानशी पेटी आहे, हातात मावेल एवढी. तिच्या एका अंगाला लॅपटॉपमधून काढलेली हार्ड डिस्क जोडलेली, दुसऱ्या अंगाला तपासनिसाचा संगणक. पेटीचं नाव राइट ब्लॉकर. संगणक डिस्कला ‘दे’ म्हणाला, की ती वाट मोकळी करते. ‘घे’ म्हणाला, की वाट अडवते. डिस्कवरचा मजकूर बाहेर येतो, बाहेरचं एक अक्षरही आत जात नाही.

डिजिटल फॉरेन्सिकची सगळी शिस्त या पेटीत सामावली आहे. लाचखोरी किंवा बँक घोटाळ्याच्या तपासात तिचा वापर होतो, हे आपण ऐकून असतो. पण कुटुंब न्यायालयातल्या दाव्यांतही ती लागते आणि मला वाटतं, तिची खरी किंमत तिथेच कळते. नवरा-बायकोच्या घरातल्या लॅपटॉपला दोघांचेही हात लागलेले असतात. पासवर्ड दोघांना ठाऊक असतो. आणि भांडण कोर्टात जायच्या आधी, त्या दोघांपैकी जो दुखावलेला असतो, त्यानं पुरावा आपल्या हातानं शोधायला सुरुवात केलेली असते.

परस्परसंमतीचा घटस्फोट असेल, म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खालचा अर्ज, तर कुणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. पण कलम १३ खाली क्रूरता किंवा व्यभिचाराचा आरोप केला, की तो शाबीत करणं आलं. पोटगीचा प्रश्न निघाला, की खरं उत्पन्न दाखवणं आलं. एके काळी त्यासाठी शेजारी, मामा, घरकाम करणाऱ्या मावशी साक्षीला उभ्या राहत. आता घरातली यंत्रंही साक्षीला येतात.

मध्यरात्रीचा लॅपटॉप

समजा, संशय आलेल्या जोडीदारानं मध्यरात्री लॅपटॉप उघडला. त्यानं काही खोडलं नाही, काही लिहिलं नाही, नुसतं पाहिलं. तरीही विंडोज सुरू होताना शेकडो फायलींना हात घालते. नोंदवह्यांत नव्या ओळी पडतात, कोणता प्रोग्राम शेवटचा कधी चालला याच्या वेळा बदलतात, तात्पुरत्या फायली जुन्या मजकुराच्या जागेवर जाऊन बसतात. उद्या समोरचा वकील विचारतो, ‘त्या रात्री यंत्र कुणाच्या हातात होतं? ही फाइल तुम्हीच टाकली नाहीत कशावरून?’ खरं सांगणाऱ्यापाशीही मग उत्तर उरत नाही.

म्हणून जाणकार तपासनीस पक्षकाराला पहिली गोष्ट सांगतो ती अशी: यंत्र बंद असेल तर चालू करू नका, स्वतः शोधाशोध करू नका. यंत्र ताब्यात आलं, की कुणाकडून, कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या अनुक्रमांकाचं आलं याची नोंद होते. पुढे ते ज्याच्या ज्याच्या हातात जातं, त्या प्रत्येकाची सही होते. पंचनाम्याला जे महत्त्व, तेच या कागदाला. मोबाइल असेल तर तो लहरी अडवणाऱ्या खास पिशवीत ठेवतात, म्हणजे दुरून आज्ञा पाठवून कुणी तो कोरा करू शकत नाही.

मग पेटी जोडली जाते आणि डिस्कची नक्कल निघते. ही नक्कल फायलींपुरती नसते. रिकामी दिसणारी जागाही जशीच्या तशी उतरवून घेतात. सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगानं वाचलं, तर १ टेराबाइटच्या डिस्कला साधारण पावणेतीन तास लागतात. शेवटी मूळ डिस्क आणि नक्कल या दोन्हींचा हॅश काढतात. हा सगळ्या मजकुरावर गणित करून काढलेला एक आकडा असतो. एसएचए-२५६ पद्धतीनं तो ६४ चिन्हांचा येतो. लाखो पानांतला एखादा अनुस्वार बदलला, तरी संपूर्ण आकडा बदलतो. दोन्ही आकडे जुळले, की मूळ डिस्क मोहोरबंद होते आणि पुढचं सगळं काम नकलेवर चालतं.

पुसलेलं आणि उरलेलं

फाइल ‘डिलीट’ केली म्हणजे ती गेली, हा समज अर्धाच खरा आहे. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर फाइल पुसणं म्हणजे ग्रंथालयातलं सूचिपत्र काढून टाकणं. पुस्तक फडताळावर तसंच राहतं, त्या जागी दुसरं येईपर्यंत. व्हॉट्सअ‍ॅपसारखं अ‍ॅप संदेश ज्या डेटाबेसमध्ये ठेवतं, त्यातही पुसलेल्या ओळींचे अवशेष कधी कधी काही काळ टिकतात.

आजकालच्या लॅपटॉपमधल्या एसएसडीचं मात्र तसं नाही. फाइल पुसली, की यंत्रणा डिस्कला त्या जागा मोकळ्या झाल्याचं कळवते आणि डिस्क सवडीनं त्या आतल्या आत साफ करते. वीज मिळाली तर राइट ब्लॉकरच्या पलीकडेही ही सफाई चालू राहू शकते. मोबाइलमधला मजकूर तर कुलूपबंद सांकेतिक रूपात असतो. ‘कितीही जुनं परत आणून देतो’ असं कुणी सांगितलं, तर त्याच्या शब्दावर विसंबू नये.

पण खरी संपत्ती अनेकदा पुसलेल्या फायलींत नसतेच. ती वापराच्या खुणांत असते. विंडोज एखादी फाइल उघडल्यावर तिचा एक छोटा दुवा करून ठेवते. पेन ड्राइव्हवरची फाइल असेल, तर तिचं नाव आणि रस्ता त्या दुव्यात उरतो, पेन ड्राइव्ह कपाटात लपवला तरी. तो कधी लावला, त्याचा अनुक्रमांक काय, हेही यंत्राच्या नोंदीत सापडतं.

पोटगीच्या दाव्यात या खुणांना मोल येतं. नागपूरच्या कुटुंब न्यायालयात सुरू झालेल्या एका पोटगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२० रोजी देशभरासाठी नियम घालून दिला: दोन्ही पक्षांनी आपली मालमत्ता, उत्पन्न, देणी यांचं शपथपत्र द्यायचं. समजा, त्या शपथपत्रात एकच बचत खातं लिहिलं आहे. पण लॅपटॉपवर दुसऱ्याच बँकेच्या विवरणपत्राच्या पीडीएफचे दुवे आहेत, किंवा दुकानाच्या हिशेबाच्या दोन वेगळ्या वह्या पेन ड्राइव्हवरून उघडल्याची नोंद आहे. रक्कम काही डिस्क सांगत नाही. पण कोणत्या बँकेला विचारायचं, हे कोर्टाला कळतं. ज्या बाईनं वीस वर्षं संसार केला आणि नवऱ्याची खाती किती हे जिला कधी सांगितलंच गेलं नाही, तिच्यासाठी एवढा धागाही फार मोठा असतो.

साडेपाच तासांची चूक

या कामात अप्रामाणिकपणाइतकाच घात घाई करते. विंडोजची एनटीएफएस यंत्रणा वेळ मोजते ती १ जानेवारी १६०१ पासून, जागतिक प्रमाणवेळेनुसार. बरीच अ‍ॅप १ जानेवारी १९७० पासून मोजतात. भारतीय वेळ त्या घड्याळाच्या साडेपाच तास पुढे. अहवालात ‘२०:००’ असं छापून आलं आणि प्रमाणवेळ लिहायची राहिली, तर रात्री आठचा साधा निरोप आणि मध्यरात्री दीडचा निरोप यांत फरक कळत नाही. कोर्टात मात्र त्या फरकावर एखाद्याचं चारित्र्य तोललं जातं. चांगला तपासनीस प्रत्येक वेळेपुढे प्रमाणवेळ लिहितो आणि यंत्राचं घड्याळ मुळात बरोबर होतं का, तेही तपासतो.

स्क्रीनशॉटचंही तसंच. व्हॉट्सअ‍ॅपच्या पडद्यावर वर जे नाव दिसतं, ते फोनच्या मालकानं स्वतः साठवलेलं असतं. कुठलाही नंबर हव्या त्या नावानं साठवून दोन फोनांवर अख्खा प्रेमसंवाद रचता येतो. चित्रातल्या नावाला म्हणून वजन नाही. तपासायचा असतो तो फोनमधला मूळ डेटाबेस, त्यातला नंबर आणि ओळींचा क्रम.

जालना आणि बठिंडा

कायद्यानं हा पुरावा कसा स्वीकारायचा, याचा मोठा धडा जालन्याच्या निवडणुकीनं दिला. २०१४ च्या विधानसभेत अर्जुन खोतकर कैलास गोरंट्याल यांना अवघ्या २९६ मतांनी हरवून निवडून आले. खोतकरांचा उमेदवारी अर्ज वेळेनंतर दाखल झाला, असा आक्षेप होता आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणाच्या सीडींचा. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं: मूळ यंत्र हजर केलं नाही, तर नकलेसोबत कायद्यानं सांगितलेलं प्रमाणपत्र हवंच.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नं त्या प्रमाणपत्राचा नमुनाच दिला आहे. एक भाग नोंद हजर करणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. दोन्हींत हॅशचा आकडा आणि तो काढण्याची पद्धत लिहावी लागते. नमुन्यात एमडी-५ आणि एसएचए-१ या जुन्या पद्धतीही आहेत. एसएचए-१ ला फसवता येतं, हे २०१७ मध्ये गूगल आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी करून दाखवलं आहे, म्हणून एसएचए-२५६ निवडणंच शहाणपणाचं.

दुसरा टप्पा बठिंड्याचा. तिथल्या कुटुंब न्यायालयात नवऱ्यानं बायकोशी झालेल्या फोनवरच्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण हजर केलं. कुटुंब न्यायालयानं ते २०२० मध्ये घेतलं, उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये नाकारलं आणि १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा ग्राह्य धरलं. पती-पत्नीतल्या बोलण्याला कायद्याचं संरक्षण असलं, तरी त्या दोघांमधल्याच दाव्याला ते लागू नाही, हे त्यामागचं मुख्य कारण. जोडीदारावर पाळत ठेवायची वेळ आली असेल, तर ते नातं तुटल्याचंच लक्षण आहे, असंही न्यायालयानं म्हटलं. शिवाय कुटुंब न्यायालय कायद्याचं कलम १४ न्यायाधीशांना एरवी नियमांत न बसणारी कागदपत्रंही विचारात घेण्याची मुभा देतं.

या निकालाचा अर्थ ‘आता काहीही करा’ असा काढणं घातक आहे. पुरावा ग्राह्य ठरणं वेगळं आणि तो मिळवणाऱ्याचं कृत्य निर्दोष ठरणं वेगळं. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीशिवाय शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ मध्ये येतं. एखाद्या स्त्रीच्या ईमेलवर, इंटरनेटच्या वापरावर नजर ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये पाठलागाचा गुन्हा ठरू शकतं. फोनमध्ये गुपचूप हेरगिरीचं अ‍ॅप टाकणारा नवरा पुरावा गोळा करत नसतो. बहुतेक वेळा तो आपली पकड घट्ट करत असतो. तसं अ‍ॅप शोधून काढायलाही हेच शास्त्र लागतं, आणि तेव्हा ते बायकोच्या बाजूनं उभं राहतं.

म्हणून रस्ता कोर्टातूनच जावा. यंत्र हजर करण्याचा हुकूम मागावा, तपासनिसानं काय पाहायचं आणि काय नाही हे त्या हुकमात लिहून घ्यावं. कुठल्या तारखांमधलं, कुठल्या खात्यांबद्दलचं, कुठल्या शब्दांचं, एवढंच. कारण त्या डिस्कवर हिशेबाच्या फायलींशेजारी लेकीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो असतात, आईचे दवाखान्याचे रिपोर्ट असतात, एखाद्या मैत्रिणीनं विश्वासानं सांगितलेलं दुःख असतं. यांतलं कुणीच पक्षकार नाही. कुटुंब न्यायालयात सुनावणी बंद दाराआड घेता येते ती अशांसाठीही. तपासनिसानं तोच संयम डिस्कवर पाळायचा असतो.

काम संपतं तेव्हा मूळ डिस्क पुन्हा पेटीला जोडून शेवटचा हॅश काढतात आणि पहिल्या दिवशीच्या आकड्याशेजारी ठेवून पाहतात. ६४ चिन्हं, एकेक करून. सगळी जुळली, तर अहवालात तसं लिहून डिस्क परत केली जाते. दावा कुणीही जिंको. वाढदिवसाच्या फोटोंचं ते फोल्डर तपासनिसानं उघडलेलं नसतं, आणि त्यातलं काहीही बदललेलं नसतं.