मागीलदारच्या ड्रमातली रात्रपाळी

आमच्याकडे कोकणात येणारे पाहुणे केशरी बलक बघून हमखास म्हणतात, "अळ्या खातात म्हणून हा रंग!" खरं तर रंग येतो तो कोंबड्या टिपतात त्या हिरव्या पाल्यातून. अळ्यांचं देणं निराळं. सुकवलेल्या अळीत साधारण ४० टक्के प्रथिनं असतात, शिवाय भरपूर कॅल्शियम.

या अळ्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या, मागीलदारच्या ड्रमात ओल्या कचऱ्यावर वाढवलेल्या. ड्रम प्रथम पाहिला तेव्हा शेजारच्या काकू धास्तावल्या होत्या. "माश्या पाळतेस गो? रोगराई येईल!" त्यांना तिथेच बसवून दाखवलं. ही माशी काळी, लांबट, गांधीलमाशीसारखी दिसते, पण चावत नाही. घरमाशीसारखी ताटावरही घोंघावत नाही, कारण अळी असताना साठवलेल्या चरबीवरच ती तिचं थोडकं आयुष्य काढते. अंडी घालते तीही ओल्या कचऱ्यात नाही, तर वरच्या कोरड्या फटीत. म्हणून झाकणाखाली पन्हळी पुठ्ठ्याचे तुकडे टांगलेत. काकूंनी एक तुकडा उजेडात धरला. नळीत फिकट पिवळा पुंजका होता, एका मादीची पाचशेच्या आसपास अंडी. तेव्हापासून त्यांच्या घरचे भाजीचे देठही आमच्या ड्रमात येतात.

खरं काम रात्री चालतं. पोट भरलेली अळी काळपट पडते, खाणं सोडते आणि कोषात जाण्यासाठी कोरडी जागा शोधत वर चढते. ड्रमाला तिरका पाइप बसवलाय, त्यातून त्या आपणहून बादलीत येऊन पडतात. सकाळी खुराडं उघडलं की दाण्याकडे ढुंकूनही न बघता कोंबड्या तिकडे धावतात. एकदा तर अंड्यांवरून एरवी न हलणारी खुडूक कोंबडी उठून आली आणि पाइपाच्या तोंडाशी चोच लावून उभी राहिली!

पावसाळ्यात मात्र डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. आमटीचं पाणी, कलिंगडाच्या साली जास्त झाल्या की ड्रम आंबतो, घाण वास सुटतो आणि अर्धवट वाढलेल्या अळ्याही पळ काढतात. हा वास अळ्यांचा नव्हे, साचलेल्या ओलीचा. लाकडाचा भुसा मिसळला की उतरतो. मांस-मासळी मी घालतच नाही.

तुम्ही करणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. बादलीतल्या सगळ्या अळ्या कोंबड्यांना घालू नका. मूठभर अळ्या कोरड्या भुश्यात ठेवा, पुढच्या माश्या त्यांतूनच निघणार आहेत. आणि दाणा बंद करू नका, अळी हा जोडीचा खुराक आहे.