चोळीची बाही आणि व्हिडिओतला हात

बीपी घ्यायला शिकवणाऱ्या व्हिडिओत हात उघडा असतो. बहुधा तरुण पुरुषाचा, टेबलावर नीट टेकवलेला. अणदुरातल्या एका घरात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी सुट्टीत आजीचं बीपी घेत होती, तिथे पहिली अडचण आली चोळीच्या बाहीची. बाही दंडाला तंग. वर गुंडाळली तर तिचाच काच बसून आकडा फसवतो. कापडावरून कफ बांधायचा नाही, हे तिला शिकवलेलं. शेवटी दाराला कडी लावून आजीने एक बाही काढली.

कफची खालची कड कोपराच्या खळीपासून दोन बोटं वर. हात उशीवर, छातीच्या उंचीला. मनगटाची नाडी लागेनाशी होईपर्यंत फुगा दाबायचा, वर आणखी तीसभर चढवायचं, मग स्क्रू अलगद सैल करायचा. सेकंदाला दोन-तीनच अंक उतरले पाहिजेत. पहिला ठोका तो वरचा आकडा, ठोके विरले तो खालचा. पोरीला सगळं तोंडपाठ होतं. पण व्हिडिओतले ठोके दारावर थाप मारावी इतके स्पष्ट. इथे सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या ट्रकांची घरघर, आणि मध्येच आजी विचारणार, "किती आलं गं?"

"थांब आजी, बोलू नको. बोललं की वाढतं."

कफ सोडून पुन्हा बांधावा लागला.

फोनवरचं शिक्षण कुचकामी आहे, असं मला म्हणायचं नाही. नवजात बाळाचंच घ्या. त्याचा श्वास एका लयीत चालत नाही, म्हणून पूर्ण मिनिटभर मोजायचा. साठ किंवा त्याहून जास्त भरला तर पुन्हा मोजायचा, आणि तरीही तेवढाच आला तर बाळाला दवाखान्यात न्यायचं. श्वास घेताना छाती खालून खोल आत ओढली जाते, हे धोक्याचं लक्षण. पण असं बाळ मुलींच्या पोस्टिंगच्या दिवशी वॉर्डात असेलच, याचा काय नेम? व्हिडिओत ते दहादा बघता येतं, थांबवून बघता येतं. बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या अशा ठरलेल्या दिवशी जाणाऱ्या आशाताईंनाही त्याचा उपयोग आहेच.

दवाखान्यातली विद्या गावातल्या बाईच्या हाती कशी द्यायची, हा प्रश्न अणदुराला जुना आहे. डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने इथूनच गावोगावच्या बायकांना शिकवून 'भारतवैद्य' केलं. 'हॅलो' म्हणजे हेल्थ अँड ऑटो लर्निंग ऑर्गनायझेशन. मुळात वैद्यकीय विद्यार्थ्यांचा गट. स्वतः शिकायचं हे नावातच, तेही मोबाईल यायच्या कितीतरी आधी. १९९३च्या किल्लारी भूकंपाने हादरलेला हा मुलूख. डॉक्टर येईपर्यंत गावात कोणी जाणतं असावं, ही गरज इथे पुस्तकातून कळावी लागली नाही.

मार्च २०२०मध्ये कॉलेजं बंद झाली आणि नर्सिंगचे तासही फोनवर आले. 'स्वयम्'सारखं सरकारी व्यासपीठ २०१७पासून होतंच; सवय लावली ती टाळेबंदीने. या सवयीचा फायदा व्हायचा तर सरळ हिशेब होता: शरीररचना, औषधांची मात्रा, सूक्ष्मजीवशास्त्र हे मुलींनी घरी ऐकावं आणि मॅडमचे वाचलेले तास वॉर्डात, खाटेशेजारी जावेत. माझ्या पाहण्यात उलटंच जास्त आलं. व्याख्यान फळ्यावरून पडद्यावर गेलं, वाचलेला वेळ जर्नल तपासण्यात आणि ऑनलाइन हजेरी भरण्यात गेला.

त्यात फोन कुणाचा, हाही प्रश्न. त्या घरी तो भावाचा होता. संध्याकाळी तो बाहेर पडला की मुलीचा वर्गही त्याच्या खिशातून जायचा. मॅडमना तिने व्हिडिओ कॉलवर कफ बांधून दाखवला होता. "सैल नाही ना? आत दोन बोटं जातात?" त्यांनी विचारलं. "जातात मॅडम," ती म्हणाली. त्यांना ते मान्य करावंच लागलं. त्यांची बोटं तिथे कशी जाणार?